तक्रारीची पोच द्या: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एचआर विभागांना खुले पत्र

प्रति,
सर्व एचआर प्रमुख, मनुष्यबळ व्यवस्थापक आणि छोट्या कारखान्यांचे मालक,
वागळे इस्टेट, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे, बेलापूर

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात हजेरीपट आणि पगारपत्रकं करत नोकरीला लागले, निवृत्त झाले, आणि आता या पट्ट्यातल्या काही कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. समितीपुढे आलेलं बाहेर फोडायचं नाही, असं कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं सोळावं कलम बजावतं आणि ते मी पाळते. त्यामुळे या पत्रात कुणा बाईची, कुणा साहेबाची किंवा कंपनीची हकिगत मिळणार नाही. मला बोलायचंय ते तुमच्या टेबलाबद्दल, जिथे मीही वर्षानुवर्षं बसले.

त्या टेबलावरचं एक वाक्य तुम्हाला पाठ आहे. "लेखी कशाला देताय, आधी आपण बोलून बघू." म्हणणारा बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला खरंच वाटतं की प्रकरण शांतपणे मिटेल, बाईचं नाव चर्चेत येणार नाही. मग मार्चअखेर येते. मग अप्रेझलची पत्रं हातात पडू देत, असं ठरतं. मग साहेब ऑनसाइट जातात, मग गणपती. शेवटी ती लेखी तक्रार घेऊन येते, तेव्हा तुम्हीच तिला सांगता की मॅडम, मुदत टळली.

ही मुदत किती तोकडी आहे बघा. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. प्रकार पुन्हापुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देता येतात, त्यापुढे नाही. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढलं तर अपिलाला साठ दिवस. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथेविरुद्ध न्यायालयात जायला नव्वद दिवस दिले. "बोलून बघू" या दोन शब्दांत यातलं सगळंच्या सगळं सहज खर्च होतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे. भेदभावाची किंवा छळाची तक्रार आली की त्याच दिवशी तारीख, शिक्का आणि सहीची पोच द्या. खरी की खोटी, कुणाच्या अखत्यारीत येते, समितीत बसते की नाही, हे सगळं त्यानंतर ठरवा.

यावर तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. "पुरावा आहे का?" तक्रार घेताना पुरावा मागायची तरतूद कायद्यात कुठेही नाही. पुरावे, साक्षीदार, मेसेज हे चौकशीचं काम आहे, आणि ती चौकशी फौजदारी खटल्यासारखी संशयातीत सिद्धतेवर चालत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच तिथे तोलायचं असतं. २०१३ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमात खोट्या तक्रारीबद्दल कारवाई आहे खरी, आणि ते कलम तुम्ही इंडक्शनच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकता. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तेही टाका ना त्या स्लाइडवर.

दुसरं, "लिहून आणा" म्हणून परत पाठवणं. जिला लिहिता येत नाही तिला तक्रार लिहायला मदत करणं ही समितीच्या अध्यक्षांची आणि सदस्यांची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. भाषा मराठी असली, हिंदी असली तरी चालते. कायद्याच्या नियमांप्रमाणे सहा प्रती लागतात. त्या झेरॉक्सचा खर्च कंपनीला झेपेल असं मी धरून चालते.

बरं, "बोलून बघू"ला कायद्यात जागा नाही असंही नाही. दहाव्या कलमात समेट आहे. पण तो चौकशी सुरू होण्याआधी, तिनेच मागितला तर, समितीमार्फत, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर मुळीच नाही. व्हीपीच्या केबिनमध्ये चहा मागवून दोघांना समोरासमोर बसवणं याला समेट म्हणत नाहीत. समोरासमोर बसवणारे किती उत्साहात असतात हे मी पाहिलंय. त्या खोलीत एकाच्या हातात दुसरीचं अप्रेझल असतं, एवढंच त्यांच्या लक्षात येत नाही.

तिच्या "सुरक्षिततेसाठी" तिची बदली करणं हा त्याचाच पुढचा भाग. ऐरोलीच्या ऑफिसातून तळोज्याच्या प्लांटवर, तेही कंपनीची बस नसलेल्या शिफ्टला. बाराव्या कलमाप्रमाणे चौकशी चालू असताना तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही देता येते. पण हे सगळं तिच्या लेखी विनंतीवरून, समितीच्या शिफारशीने. विनंती नसताना तिलाच हलवलं तर बघणाऱ्या प्रत्येक बाईला त्यातून काय समजायचं ते समजतं.

आता जरा गुंत्याकडे वळते. गेल्या काही वर्षांत तुम्ही "पॉश" (त्याच २०१३ च्या कायद्याचं इंग्रजी लघुरूप) एवढं एक शिकलात आणि भेदभावाची प्रत्येक तक्रार त्या एकाच समितीच्या दाराशी नेऊन ठेवता. तिथे बसली नाही की "यात काही करता येत नाही" म्हणून परत करता. खासगी नोकरीतल्या सगळ्या प्रकारच्या भेदभावाला पुरेल असा एक सलग कायदा आपल्याकडे नाही, हे खरंच आहे. राज्यघटनेची पंधरा आणि सोळा ही कलमं मुख्यतः शासनाला बांधतात, तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडला थेट नाही. त्यामुळे कुठलं दार ठोठवायचं ते भेदभाव कशावरून झाला यावर ठरतं. आणि ती दारं वेगवेगळ्या इमारतींत आहेत.

पगाराचं घ्या. पॅकिंगच्या लाइनवर बाई आणि पुरुष शेजारीशेजारी तेच खोके भरतात. मस्टरवर तो "ऑपरेटर", ती "हेल्पर". १९७६ च्या समान वेतन कायद्याने हे केव्हाच बंद केलं होतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे: तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर लिंगावरून पगारात भेद नाही, आणि भरतीतही नाही. पदाचं नाव बदलून यातून सुटता येत नाही. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतल्या जहाज कंपनीने हे करून पाहिलं होतं. स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा न्यायालयात गेल्या. कंपनीने युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं, पैशाची अडचण सांगितली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. एवढ्या वर्षांनी रबाळ्याच्या गाळ्यात "परवडत नाही" हे ऐकू येतं तेव्हा मला त्या लघुलेखिका आठवतात. हे दार कामगार आयुक्तालयाचं, म्हणजे आपल्यासाठी ठाण्याचे कामगार उपायुक्त. दुकानं आणि कार्यालयांसाठी राज्याचा २०१७ चा वेगळा कायदा आहे. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन या बाबतीत स्त्रीशी भेदभाव करायचा नाही, असं त्याच्या तेराव्या कलमात साध्या शब्दांत लिहिलंय. मॉलमधल्या शोरूमपासून महाप्याच्या कॉल सेंटरपर्यंत अनेकांना ते कलम बघायला हवं.

बाळंतपणाच्या बाबतीत तर तुमचं डोकं फारच चालतं. मुलाखतीत "लग्न झालंय का, पुढचं प्लॅनिंग काय" हा प्रश्न गप्पांच्या ओघात विचारायचा. बातमी दिली की दोन महिन्यांत पीआयपी, म्हणजे "कामगिरी सुधारा"चा कार्यक्रम, लावायचा, किंवा प्रोबेशन वाढवायचं. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यात प्रोबेशन, कंत्राट असा भेद नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, हे दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगून टाकलं. रजेवर असताना काढणं किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवं. आणि छोट्या मालकांनो, तुमच्या कामगार बायका ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असतील तर त्या रजेचे पैसे तुमच्या खिशातून जातच नाहीत, ईएसआय देतं. तरी घाबरता कशाला, हे मला कळलेलं नाही.

जातीबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण आपल्या ऑफिसांमध्ये जात कुणी मानतच नाही म्हणे. फक्त आडनावावरून अंदाज लागला नाही की गाव विचारतात, गावावरून लागला नाही की गावात घर कुठे ते विचारतात. आरक्षणाचा काडीचा संबंध नसलेल्या खासगी कंपनीत "तुमचं काय, कोट्यातलं" म्हणून हसतात. असं झालं तर पॉश समितीचा इथे काही उपयोग नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाचा, त्या वर्गाबाहेरच्या माणसाने, चारचौघांना दिसेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केला, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार पोलिस ठाण्यात, आणि तपास सहायक आयुक्तांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. बंद केबिनमध्ये दोघांतच घडलेलं या कलमात बसवणं अवघड जातं, म्हणून त्या वेळी तिथे कोण होतं हे तक्रारीत पहिल्यांदा लिहायला हवं. तिथे "आमची समिती आधी बघेल" असं म्हणून माणसाला थोपवून धरायचा तुम्हाला अधिकार नाही. आणि जे पोलिसात बसत नाही त्याचं काय? तुमच्या सेवाशर्तींत गैरवर्तन नावाचं कलम आहे. उशिरा येणाऱ्या शिपायावर ते लागतं. जातीवरून टोमणे मारणाऱ्या टीम लीडवर लावायला कुणी अडवलंय?

अपंगत्वाबाबत २०१६ चा कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुढे गेलाय. माफक, झेपेल अशी सोय नाकारणं हाच त्यात भेदभाव धरलाय. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालणारा संगणक, लिफ्ट असलेल्या मजल्यावर जागा, यासाठी तुमच्या दयेची गरज नाही. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला करावं लागतं. तक्रार राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुण्याला. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आहे, दोन्ही खासगी नोकरीला लागू. एचआयव्हीचं तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं होतं की काम करायला तंदुरुस्त असलेल्या माणसाला एवढ्या कारणावरून कामापासून तोडता येणार नाही. त्या खटल्यात अर्जदाराचं नावही उघड होऊ दिलं नाही.

आणि धर्म, भाषा, वय, प्रांत? इथे खासगी नोकरीत कायद्याचं दार अरुंद आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्याने गुणवत्ता न पाहता एका गटाच्या कामगारांवर मेहेरनजर करणं ही अनुचित प्रथा ठरवली होती, आणि सूडबुद्धीने काढून टाकणंही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सांगितली आहे, स्त्रियांच्या प्रतिनिधित्वासह. ती समिती नेमली आहे का तुम्ही? कागदावर तरी?

कंत्राटी माणसांचा विषय मुद्दाम मागे ठेवला, कारण तो निघाला की तुम्ही सगळे एका सुरात बोलता: "ती आमची नाही, व्हेंडरची." हाउसकीपिंग, कँटीन, सिक्युरिटी, ट्रान्सपोर्ट. २०१३ च्या कायद्याने "कर्मचारी" कोण ते सांगताना कंत्राटी, हंगामी, रोजंदारी, शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी स्वयंसेवक, सगळे घेतलेत. कामाच्या ठिकाणात कंपनीने दिलेली बस आणि कॅबही येते. म्हणजे रात्री घोडबंदरला सोडायला निघालेल्या कॅबमध्ये घडलेलं "ऑफिसबाहेर घडलं" होत नाही. तुमच्या मजल्यावर फरशी पुसणारी बाई तुमच्या अंतर्गत समितीकडे येऊ शकते. पण ती येणार कशी? समितीचं पोस्टर इंग्रजीत, चौथ्या मजल्यावरच्या पँट्रीत, आणि त्यावर कंपनी सोडून गेलेल्या सदस्याचं नाव. ती येते तळघरातून, सर्व्हिस लिफ्टने. पोस्टर तिथे लावा. मराठीत आणि हिंदीत.

छोट्या गाळ्यांच्या मालकांसाठी: दहापेक्षा कमी माणसं असली तर अंतर्गत समिती लागत नाही, कायदा लागतोच. तिथली तक्रार, आणि कुठल्याही आकाराच्या कंपनीत खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकामगार बायकांचीही तिथेच. आता इथे नवी मुंबईची एक गंमत आहे. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्याला, कोर्ट नाक्याला. पण बेलापूरच्या पुढचं स्टेशन खारघर, ते रायगड जिल्ह्यात. कामोठे, कळंबोली, पनवेल, तळोजा एमआयडीसी सगळं रायगडात, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. पोलिस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. त्यामुळे पोलिसांच्या हद्दीवरून समिती ठरवू गेलेली बाई चुकीच्या जिल्ह्यात जाऊन येते आणि तेवढ्यात आठवडा जातो. तिचे तीन महिने मात्र चालूच असतात. तुमच्या पोस्टरवर कोणत्या जिल्ह्याची स्थानिक समिती लागू होते ते पत्त्यासकट छापा.

हे पत्र तुमच्या कर्मचाऱ्यांच्याही हाती पडेल, पडावंच. त्यांच्यासाठी टेबलाच्या या बाजूने एवढं सांगते: तक्रारीत विशेषणं कमी असू द्या. कुठल्या दिवशी, कुठे, नेमके कोणते शब्द, कोण हजर होतं, त्यानंतर कामात काय बदललं, आणि तुम्हाला काय हवंय, हे आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडतं. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, अप्रेझलची पत्रं आपल्या घरी ठेवा. काढून टाकण्याच्या दिवशी सगळ्यात आधी कंपनीचा ईमेल बंद होतो. "राजीनामा दे, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो" असं कुणी म्हटलं तर सही करण्याआधी कुणाला तरी विचारा. राजीनामा दिला म्हणून छळाची तक्रार संपत नाही, मुदत असेपर्यंत ती करता येते. आणि वकिलाच्या फीची धास्ती असेल तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

परत तुमच्याकडे येते. वार्षिक अहवालात "प्राप्त तक्रारी: शून्य" लिहिताना तुम्हाला किती समाधान वाटतं ते मला ठाऊक आहे. मीही कधीकाळी तसा तक्ता केलेला आहे. शेकडो माणसं तीन शिफ्टमध्ये काम करतात तिथे वर्षानुवर्षं शून्य आला, तर मला आधी पोस्टर आणि मग तुमचा ड्रॉवर बघावासा वाटतो. २०२५ च्या जुलैपासून कंपन्यांना संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि नव्वद दिवसांच्या वर किती रखडल्या हे आकडे द्यावे लागतात. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत पाळी. पोच दिली की तक्रार मोजली जाते, आणि मोजली गेली की शून्य उरत नाही. तुमचा पोच द्यायला हात का अडखळतो, याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे. भीती त्या बाईपेक्षा तक्त्याची जास्त.

तुमच्या इंडस्ट्रीज असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत जीएसटी आणि विजेच्या दराबरोबर हाही विषय घ्या. ठराव एका ओळीचा पुरे: आलेल्या प्रत्येक तक्रारीची त्याच दिवशी पोच, कंत्राटी कामगारांसह.

आपली,
एक निवृत्त सहकारी,
कळवा

ता. क. पोचेचा नमुना मागाल, म्हणून लिहिते. तक्रारदाराचं नाव, तारीख, वेळ, किती पानं, घेणाऱ्याचं नाव आणि सही. कुरिअर घेताना रिसेप्शनला जेवढं लिहिता, तेवढंच. फक्त हे रजिस्टर रिसेप्शनला उघडं ठेवू नका, समितीच्या अध्यक्षांकडे कुलपात ठेवा.